अंक नाकारणारी चौकट : आकड्यांच्या पडताळणीचा इतिहास आणि आपले देवनागरी अंक

काही महिन्यांपूर्वी माझे एक वयोवृद्ध पक्षकार, पेशाने निवृत्त प्राथमिक शिक्षक, जमिनीच्या एका उताऱ्यासाठी अर्ज भरण्यास एका सेवाकेंद्रात गेले होते. मीही सोबत होतो. संगणकाच्या पडद्यावर नाव, गाव, सर्व्हे क्रमांक आणि वर्ष अशा चौकटी होत्या. गुरुजींनी नाव मराठीत टंकले; ते उमटले. गावाचे नाव मराठीत टंकले, तेही उमटले. मात्र सर्व्हे क्रमांकाच्या चौकटीत त्यांनी ‘१’ची कळ दाबली, तेव्हा यंत्राने केवळ ‘टण्’ असा आवाज केला. चौकट रिकामीच राहिली. त्यांनी पुन्हा कळ दाबली, पुन्हा तोच आवाज. पलीकडच्या कर्मचाऱ्याने शांतपणे सांगितले, “गुरुजी, तिथे आकडे टाकायचे असतात, अक्षरे नव्हे.” चाळीस वर्षे मुलांना पाढे शिकवलेला तो माणूस तितक्याच शांतपणे म्हणाला, “अहो, हा आकडाच आहे.”

कर्मचारी चुकला नव्हता. त्याच्या समोरचे यंत्र खरोखरच ‘१’ हा आकडा मानत नव्हते. त्या यंत्राला हे कोणी शिकवले, केव्हा शिकवले आणि त्यामागे कायदा होता की केवळ सवय, याचा शोध घेण्यासाठी हा लेख आहे.

लिहिलेली संख्या तपासून घेण्याची गरज संगणकाहून फार जुनी आहे. १२९९ साली फ्लॉरेन्समधील सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत भारतातून अरबांमार्फत आलेले नवे अंक वापरण्यास मनाई केली होती. रकमा अक्षरांत लिहाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. शून्याला एक शेपूट जोडले की त्याचा सहा किंवा नऊ होतो, ही भीती त्यामागे असल्याचे सांगितले जाते. आपल्या परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ मध्ये हीच सावधगिरी वेगळ्या रूपात आढळते. धनादेशावरील आकड्यांतील रक्कम आणि अक्षरांतील रक्कम यांत तफावत असेल, तर अक्षरांतील रक्कम ग्राह्य धरली जाते. एकच गोष्ट दोनदा लिहून घ्यावी आणि ताडून पाहावी, ही पडताळणीची सर्वांत जुनी रीत होय.

यंत्रयुगातही प्रथम हीच रीत चालली. आयबीएम कंपनीच्या ऐंशी स्तंभांच्या छिद्रपत्रांवर माहिती नोंदवणारी ०२६ क्रमांकाची यंत्रे १९४९ साली आली, तेव्हा त्यांच्या जोडीला ०५६ क्रमांकाचे पडताळणी यंत्र होते. एका कर्मचाऱ्याने छिद्रे पाडलेले पत्र दुसऱ्या कर्मचाऱ्यापुढे येई. तो मूळ कागद पाहून तीच माहिती पुन्हा टंकत असे. दोन्ही नोंदी जुळल्या, तर पत्राच्या कडेला खूण होई. न जुळल्यास चुकलेल्या स्तंभाच्या वर खाच पडे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे यंत्र चूक दाखवत असे, परंतु अर्जदाराचा हात धरत नसे. अर्जदार तेथे उपस्थितच नसे. त्याने कागदावर कोणत्याही लिपीत अंक लिहिलेला असला, तरी मध्ये एक जिवंत माणूस होता आणि तो अंक वाचून त्याचे छिद्रांत रूपांतर करत होता. ही मधली व्यक्ती पुढे कशी नाहीशी झाली, हाच पुढचा इतिहास आहे.

१९७१ साली आयबीएमची ३२७० ही पडद्यांची मालिका आली. तिच्यात पडद्यावरील एखादी जागा ‘केवळ अंकांसाठी’ म्हणून राखून ठेवता येत असे, आणि त्यासाठीची सोय बसवलेली असेल, तर त्या जागी अंकाखेरीज दुसरी कळ दाबताच कळफलकच अडकून पडत असे. कर्मचाऱ्याने तो मोकळा करावा आणि मगच पुढे जावे. चूक नंतर शोधण्याऐवजी ती होण्याच्या क्षणीच रोखावी, हा विचार येथे स्पष्टपणे दिसतो. पुढे आपल्याकडील कार्यालयांत आणि दुकानांत वैयक्तिक संगणक आले, तेव्हा डीबेस आणि त्यानंतर फॉक्सप्रो या प्रणालींत लिहिलेले कार्यक्रम सर्वत्र पसरले. त्यांत चौकटीचा साचा ठरवून देता येई. साच्यात चार वेळा ९ लिहिले की त्या जागी चार अंकच बसत. अक्षराची कळ दाबली तर ते उमटत नसे. साच्यात ९ लिहून अंकाची जागा दाखवण्याची ही रीत १९६० च्या सुमारास आलेल्या कोबोल भाषेतली.

त्यानंतर खिडक्यांचा आणि माउसचा काळ आला. पूर्वीच्या पडद्यांवर यंत्र विचारील त्या क्रमाने उत्तर द्यावे लागे. आता वापरणारा हव्या त्या चौकटीत जाऊ लागला, मधला अंक पुसू लागला, दुसरीकडचा मजकूर उचलून येथे चिकटवू लागला. त्यामुळे कार्यक्रम लिहिणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला की तपासावे केव्हा? प्रत्येक कळ दाबताना, चौकट सोडताना, की शेवटी अर्ज सादर करताना?

१९९१ साली मायक्रोसॉफ्टची व्हिज्युअल बेसिक ही भाषा आली आणि तिने या प्रश्नाचे एक सोपे उत्तर हाती दिले. चौकटीत कळ दाबली की ‘कीप्रेस’ नावाची घटना घडत असे. त्या कळेचा क्रमांक कार्यक्रमाला मिळे, आणि तो क्रमांक शून्य केला की कळ दाबलीच नव्हती असे यंत्र समजे. इंग्रजी अंकांचे क्रमांक ४८ ते ५७ आहेत. तेव्हा क्रमांक ४८ हून कमी किंवा ५७ हून अधिक असेल, तर तो शून्य करावा आणि ‘टण्’ असा आवाज करावा. अपवाद फक्त खोडण्याच्या कळेचा, जिचा क्रमांक ८ आहे. जे कार्यक्रमकार हा अपवाद विसरत, त्यांच्या चौकटीत टंकलेला अंक पुसताच येत नसे. या दोन-तीन ओळी पाठ्यपुस्तकांतून, प्रशिक्षण वर्गांतून आणि एकमेकांच्या कार्यक्रमांतून नकलून घेतल्या गेल्या आणि जगभर पोहोचल्या. गुरुजींनी ऐकलेला ‘टण्’ त्याच वंशातला होता.

या उपायाचे दोष लवकरच दिसू लागले. पहिला दोष असा की एकेक कळ पाहून संख्या योग्य की अयोग्य हे ठरत नाही. समजा, एका चौकटीत १९५६ ते २०२५ यांमधील वर्षच घ्यायचे आहे. वापरणाऱ्याने ‘१’ टंकला की त्या क्षणी चौकटीतील संख्या एक आहे, म्हणजे मर्यादेबाहेर. कठोर पहारेकरी तिला तेथेच अडवील आणि १९५६ कधीच लिहिता येणार नाही. ऋण संख्येचेही तसेच, कारण नुसते उणे चिन्ह ही संख्या नव्हे, परंतु त्यावाचून ऋण संख्येला प्रारंभच होत नाही. दुसरा दोष म्हणजे मागचे दार उघडे राहते. विंडोजमध्ये चौकट ‘केवळ अंकांसाठी’ करण्याची जी अंगभूत सोय आहे, तिच्याविषयी खुद्द मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकात लिहिलेले आहे की अंक नसलेला मजकूर चिकटवल्यास तो तरीही आत येऊ शकतो. तिसरा दोष चौकट सोडताना तपासणाऱ्या कार्यक्रमांचा होता. उत्तर पटेपर्यंत ते माणसाला त्या चौकटीतून बाहेरच पडू देत नसत. समन्स स्वीकारल्याखेरीज दारातून हलू न देणाऱ्या बेलिफासारखा हा प्रकार होता.

या पेचावरचे सर्वांत समंजस उत्तर मला क्यूटी या प्रणालीत आढळते. १९९५ पासून उपलब्ध असलेल्या या प्रणालीतील पडताळणी करणारा घटक ‘हो’ आणि ‘नाही’ अशी दोनच उत्तरे देत नाही. तो तीन उत्तरे देतो : ग्राह्य, अग्राह्य आणि अपूर्ण. वर्षाच्या चौकटीतील ‘१’ अपूर्ण आहे, म्हणून तो राहू द्यावा. आपल्याकडील जमिनीचे उदाहरण घेऊ. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून गुंठ्यांच्या चौकटीत ० ते ३९ इतकेच बसावे. कोणी ४५ लिहिले, तर तेही तूर्त अपूर्णच मानले जाते, कारण माणूस मागे जाऊन ४ च्या जागी ३ करू शकतो. शंभर मात्र आत येत नाही, आणि अपूर्ण नोंद पूर्ण झाल्याशिवाय ती स्वीकारलीही जात नाही. वकिलाला हा भेद चटकन पटतो. दाव्यात त्रुटी असेल, तर न्यायालय तो लगेच फेटाळत नाही. त्रुटी दूर करण्यास अवधी देते. त्रुटी आणि अपात्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता आपल्या अंकांकडे वळू. व्हिज्युअल बेसिक आली त्याच १९९१ साली दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे मानक आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केले, आणि जगातील लिप्यांना एका यादीत आणणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. इस्कीत भारतीय अंकांना २४१ ते २५० हे क्रमांक होते. युनिकोडने देवनागरी ० ते ९ यांना २४०६ ते २४१५, तर कन्नड अंकांना ३३०२ ते ३३११ हे क्रमांक दिले. युनिकोडने या सर्वांची नोंद ‘दशमान अंक’ याच वर्गात केली, आणि प्रत्येकाचे मूल्यही लिहून ठेवले. म्हणजे ज्या वर्षी ‘४८ ते ५७ म्हणजेच अंक’ हा दंडक घरोघर पोहोचू लागला, त्याच वर्षी आपल्या अंकांना जागतिक यादीत अंक म्हणून स्थान मिळाले. दोन्ही गोष्टी एकमेकींना न भेटता पुढे चालत राहिल्या.

पुढच्या काही वर्षांत ही विसंगती झाकलेली राहिली, आणि तिचे कारण गमतीशीर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकन निरनिराळ्या फॉन्टांवर चाले. त्यांतील काही फॉन्टांत इंग्रजी अंकांच्याच जागी देवनागरी अंकांची चित्रे बसवलेली असत. पडद्यावर ‘१’ दिसे, परंतु आत क्रमांक ४९ असे, म्हणजे इंग्रजी एकचाच. पहारेकऱ्याला तो ओळखीचा वाटे आणि तो सोडून देई. आपले अंक दुसऱ्याच्या ओळखपत्रावर आत जात होते! विंडोज २००० मध्ये देवनागरीला युनिकोडमार्गे रीतसर प्रवेश मिळाला, आपले अंक आपल्या स्वतःच्या क्रमांकाने दाराशी आले, आणि तेव्हापासून ते अडवले जाऊ लागले. खरी ओळख सांगितली म्हणून प्रवेश नाकारला जावा, असा हा प्रकार होता.

जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये तर याहून विचित्र घडे. तिच्या अंगभूत चौकटी युनिकोड जाणत नव्हत्या, आणि विंडोजने देवनागरीसाठी जुन्या पद्धतीची वेगळी संकेतसारणी कधी ठेवलीच नाही. त्यामुळे अशा चौकटीत युनिकोड देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्ह उभे राही. माणसाने ‘१’ टंकला आणि यंत्राने ‘?’ वाचले.

‘यंत्राला ते जमत नाही’ हा खुलासा आपण अनेकदा ऐकतो. तो खरा नाही. जावा भाषेत अंक ओळखणारी जी सोय आहे, तिच्या अधिकृत माहितीतच देवनागरी अंकांचा नामनिर्देश आहे. ‘१२३’ ही देवनागरीतील संख्या ती भाषा विनातक्रार एकशे तेवीस म्हणून वाचते. पायथनची तिसरी आवृत्तीही वाचते. क्यूटीतील पडताळणी स्थानिक भाषेनुसार अंक ओळखते आणि अरबी प्रदेशात अरबी अंक स्वीकारते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये मात्र एक दुभंग आहे. ‘हा अंक आहे काय?’ असे विचारले, तर ती प्रणाली देवनागरी ‘१’ला ‘होय’ म्हणते. परंतु ‘याची संख्या करून दे’ म्हटले, तर ० ते ९ या इंग्रजी रूपांखेरीज काहीही नाकारते. त्यामुळे दारावरचा पहारेकरी नागरिकाला आत सोडतो आणि आतला कारकून त्याला चूक म्हणून परत पाठवतो. कार्यालयांत फेऱ्या मारलेल्या आपल्या वाचकांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

आता कायद्याचा प्रश्न. अनुच्छेद ३४३ (१) अन्वये संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ वापरायचे आहे. या तरतुदीवर संविधान सभेत १२ ते १४ सप्टेंबर १९४९ असे तीन दिवस चाललेल्या भाषाविषयक चर्चेत अंकांचा मुद्दा अत्यंत तीव्र वादाचा ठरला होता. तरीही संविधानकारांनी देवनागरी अंकांचे दार बंद केले नाही. त्याच अनुच्छेदाच्या खंड (२) च्या परंतुकाने पहिल्या पंधरा वर्षांत आंतरराष्ट्रीय रूपाच्या जोडीला देवनागरी अंक वापरण्यास आदेशाने मुभा देण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला, आणि खंड (३) ने त्यानंतरच्या काळासाठी तसाच अधिकार संसदेला दिला. मुळात ही तरतूद संघराज्याने स्वतः कोणत्या अंकांत लिहावे हे सांगते. नागरिकाने कोणत्या अंकांत अर्ज करावा, हे ती सांगत नाही.

नागरिकाविषयी बोलतो तो अनुच्छेद ३५०. गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क तो प्रत्येक व्यक्तीला देतो. अनुच्छेद २९ तर भाषेसोबत लिपीचे जतन करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत सांगतो. माझे म्हणणे इतकेच की अंक हे लिपीचे अंग आहेत. नाव मराठीत चालते, गाव मराठीत चालते आणि सर्व्हे क्रमांक मात्र चालत नाही, अशी भाषेची फाळणी या अनुच्छेदांच्या शब्दांत कोठेही आढळत नाही. ती एका कार्यक्रमकाराने नकलून घेतलेल्या दोन ओळींत आहे, आणि त्या ओळी कोणत्याही विधिमंडळाने संमत केलेल्या नाहीत.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माझा कन्नड शेजारी त्याच चौकटीत कन्नड ‘೧’ टंकू लागला, तर त्यालाही तोच ‘टण्’ ऐकू येईल. ही चौकट सीमावादात कोणाचीच बाजू घेत नाही. ती आम्हा दोघांनाही सारख्याच निर्विकारपणे बाहेर ठेवते. म्हणून या मागणीत आपल्याला सोबती मिळू शकतात, आणि ते मिळवले पाहिजेत.

दुसऱ्या बाजूचा एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. सर्व लिप्यांचे अंक सरसकट घेतले, तर फसवणुकीला वाव राहतो. बंगाली चार हा अंक इंग्रजी आठसारखा दिसतो. रकमेच्या चौकटीत अशी सरमिसळ झाली, तर वाचणारा एक समजेल आणि यंत्र दुसरेच. फ्लॉरेन्सच्या सराफांची भीती येथे नव्या रूपात परतते. परंतु तिच्यावरचा उपाय बंदी हा नव्हे. एका संख्येत एकाच लिपीचे अंक असावेत, हा नियम पुरेसा आहे. सरमिसळ झाली, तर नाकारावे आणि कारण सांगावे.

उर्वरित दुरुस्ती अगदी अल्प आहे. कळेचा क्रमांक २४०६ ते २४१५ यांमध्ये असेल, तर त्यातून २४०६ वजा करावेत. उरतो तो त्या अंकाचे मूल्य. कन्नडसाठी ३३०२ वजा करावेत. साठवताना सर्व नोंदी एकाच रूपात साठवाव्यात, म्हणजे शोध, बेरीज आणि क्रमवारी यांना बाधा येत नाही. दर्शवताना मात्र नागरिकाच्या लिपीत दर्शवाव्यात. १२,३४,५६७ अशा आपल्या पद्धतीने दिलेल्या स्वल्पविरामांमुळे संख्या नाकारू नये. चिकटवलेला मजकूरही त्याच चाचणीतून जावा, आणि अंतिम पडताळणी अर्ज सादर करताना पुन्हा व्हावी. नकार द्यायचाच असेल, तर नुसत्या आवाजाने देऊ नये. काय चुकले ते नागरिकाच्या भाषेत लिहून द्यावे. कारण न देता केलेला आदेश टिकत नाही, हे न्यायालयात आपण रोज सांगतो. यंत्राच्या आदेशाला तो नियम का लागू नसावा?

वाचकांना विनंती अशी की अशा चौकटीत आपला अंक अडला, तर इंग्रजी कळफलकाकडे वळून मुकाट्याने पुढे जाऊ नका. आधी नोंद करा : कोणते कार्यालय, कोणता अर्ज, कोणती चौकट, कोणती तारीख. पडद्याचे छायाचित्र घ्या. मग अनुच्छेद ३५० चा उल्लेख करून संबंधित अधिकाऱ्याकडे लेखी निवेदन द्या आणि त्याची पोच घ्या. मागणी मोजकी असावी : “ही चौकट देवनागरी व कन्नड अंक स्वीकारील अशी दुरुस्ती करावी, आणि नाकारल्यास कारण दर्शवावे.” ज्या दुरुस्तीला वजाबाकीची एक ओळ पुरते, ती खर्चिक आहे असे उत्तर कोणालाही देता येणार नाही.

गुरुजींचा अर्ज त्या दिवशी भरला गेला. कर्मचाऱ्याने त्यांच्या वतीने इंग्रजी अंक टंकले. छिद्रपत्रांच्या काळातला तो मधला माणूस क्षणभर परत आला आणि काम झाले. मात्र बाहेर आल्यावर गुरुजींनी मला विचारले, “वकीलसाहेब, पाढे मी मुलांना कोणत्या आकड्यांत शिकवले होते मग?” त्यांच्यासाठी निवेदनाचा मसुदा मी त्याच संध्याकाळी तयार केला. त्यातील सर्व तारखा आणि सर्व अनुच्छेद देवनागरी अंकांत आहेत.